आईला बेप्पूच्या उन्हाळ्यांवर कसं न्यायचं

आमच्या संगमेश्वरकडची जुनी माणसं जमिनीतून वर येणाऱ्या गरम पाण्याला 'उन्हाळं' म्हणतात. आरवलीला आहे, तुरळला आहे, राजापूरजवळ तर एका गावाचं नावच उन्हाळे. भात लावणी संपली की माझी आजी कमरेसाठी तुरळच्या कुंडावर जायची आणि येताना आमच्यासाठी स्टँडवरून खाऊ आणायची. त्यामुळे आई पहिल्यांदा माझ्याकडे जपानला आली, तेव्हा तिला बुलेट ट्रेन आणि मॉल दाखवण्याआधी बेप्पूला न्यायचं हे मी ठरवूनच ठेवलं होतं. वय 68, दोन्ही गुडघे दुखणारे, जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

मी फुकुओकात राहते, बेप्पूपासून एक्स्प्रेस गाडीने दोन तासांवर. आईला दोनदा नेलं, सासूबाईंना एकदा. आता इकडच्या मराठी घरांतून आई-बाबा यायचे झाले की मला फोन येतात : कुठे न्यायचं, काय घालायचं, आईला लाज वाटेल त्याचं काय. तेच सगळं इथे लिहिते.

बेप्पू हे क्युशू बेटावरचं, ओइता प्रांतातलं समुद्रकाठचं शहर. पुढे बेप्पूचा उपसागर आणि मागे 1375 मीटरचा त्सुरुमी डोंगर. डोंगर ज्वालामुखीचा आहे. त्याच्या अंगावर पडलेला पाऊस खडकांत मुरतो, खाली तापतो आणि जमिनीतल्या भेगांच्या वाटेने उताराकडे, समुद्राच्या दिशेने येतो. गरम पाण्याचे दोन हजारांहून जास्त उगम या एका शहरात आहेत. जपानात इतकं गरम पाणी दुसऱ्या कुठल्याच गावात निघत नाही. आपल्या कोकणातलं पाणीही खोल भेगांमधूनच वर येतं, फक्त त्याच्याखाली जागृत ज्वालामुखी नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने डोंगराकडे बघून हात जोडले.

शहरात गरम पाण्याचे आठ भाग आहेत : बेप्पू, हामावाकी, कामेगावा, शिबासेकी, कान्नावा, म्योबान, होरिता आणि कांकाइजी. प्रत्येकाचं पाणी वेगळं. आठही बघायच्या फंदात पडू नका. आईवडिलांना घेऊन जात असाल तर बेप्पू, कान्नावा आणि म्योबान हे तीन भाग आणि दोन रात्री पुरेशा आहेत. त्याहून घाई केलीत तर पाण्यापेक्षा बसमध्येच जास्त बसाल.

आधी अंगावर कपडे असलेली स्नानं

मुख्य अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. जपानी सार्वजनिक स्नानघरात बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो, पण आत अंगावर काही ठेवायचं नसतं. पोहण्याचा पोशाख नाही, गाऊन नाही, काही नाही. आपल्या आईला, जी नदीवरही लुगडं नेसूनच अंघोळ करत मोठी झाली, तिला पहिल्याच दिवशी तिथे उभं केलंत तर ती पुन्हा जाणार नाही. मी सासूबाईंच्या वेळी हीच चूक केली. त्या दारातून परत फिरल्या आणि उरलेले दोन दिवस खोलीतच बसल्या.

बेप्पूत मात्र अशी दोन जुनी स्नानं आहेत जिथे अंगावर कापड असतं. सुरुवात तिथूनच करायची.

पहिलं वाळूचं. बेप्पू स्टेशनवरून समुद्राच्या बाजूला चालत दहाएक मिनिटांवर ताकेगावारा हे स्नानघर आहे. 1879 साली सुरू झालं, आताची लाकडी इमारत 1938 ची. वळणदार मोठं छप्पर, आत उंच काळवंडलेलं तक्तपोशीचं छत, एखाद्या जुन्या वाड्याच्या देवडीत शिरल्यासारखं वाटतं. खिडकीवर 'सुनायु' म्हणायचं, म्हणजे वाळूचं स्नान. ते तुम्हाला युकाता देतात. हा सुती झगा अंगावर घालून त्याच्यासकट वाळूत झोपायचं. झग्याची डावी बाजू वर घ्यायची आणि उजवी आत. उलट गुंडाळतात ते मृताला. तिथल्या बायका न बोलता पुढे येऊन दुरुस्त करतात, पण आधीच ठाऊक असलेलं बरं.

आत वाळूचे हौद आहेत. गरम झऱ्याचं पाणी त्यात सोडून वाळू तापवतात. काम करणारी बाई फावड्याने माणसाच्या मापाचा खड्डा करते, डोक्याखाली लाकडी उशी ठेवते आणि आडवं व्हायला सांगते. मग पायांपासून वाळू ओढायला लागते. काळी, ओली, जड वाळू. आईच्या शेजारच्या खड्ड्यात मी होते. पावलं, नडग्या, मांड्या असं ती चढत आली. आईच्या गुडघ्यांवर तिने दोन फावडी जास्तच ओढली, कारण मी आधीच गुडघ्यांकडे बोट दाखवून 'इताइ' (दुखतंय) म्हणाले होते. मानेपर्यंत भरल्यावर हात हलेना. दोनेक मिनिटांत टाचांत स्वतःची नाडी ऐकू यायला लागते, ठक ठक ठक. मग पाठीत, मग बोटांच्या टोकांत. आई डोळे मिटून म्हणाली, "अगं, बाळंतपणात शेकायच्या तसं वाटतंय." घाम कपाळावरून कानात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्या बाईने येऊन पुसला.

दहा-पंधरा मिनिटं होतात तेवढी. जास्त गरम वाटलं तर 'अत्सुइ', वजन सोसेना तर 'ओमोइ' म्हणा, ती वाळू कमी करते. छातीवरचा भार ज्यांना झेपत नाही त्यांनी आधीच सांगावं. उठताना एकदम उठायचं नाही. आधी हात मोकळे करायचे, मग कुशीवर, मग बसायचं आणि तेव्हा उभं राहायचं. बाहेर वाळू धुऊन टाकायची आणि वाटलं तर शेजारच्या कुंडात बसायचं. आई तेव्हा बसली नाही, मीही म्हटलं नाही.

वाळूच्या स्नानाला लोक रांग लावतात, म्हणून सकाळी लवकर जा. इमारत जुनी आहे, कधी दुरुस्तीसाठी भाग बंद असतो. निघण्याआधी पाहून घ्या. समुद्राला अगदी लागून वाळूत झोपायचं असेल तर शोनिनगाहामाच्या किनाऱ्यावरही सोय आहे.

दुसरं स्नान वाफेचं, कान्नावात. बेप्पू स्टेशनवरून बसने अर्धा तास धरा. बस चढावर लागली की घरांच्या मधून, गटारांच्या जाळ्यांतून, कुंपणांच्या आडून पांढरी वाफ वर येताना दिसते. आई म्हणाली, सगळ्या गावात एकदमच पाणी तापवायला ठेवलंय. तिथे कान्नावा मुशियु आहे. हे वाफेचं स्नान इप्पेन नावाच्या संन्याशाने 1276 साली सुरू केलं असं सांगतात. इप्पेन अमिदा बुद्धाचं नाव घेत, नाचत, गावोगाव फिरायचा. साल बघा, आपले ज्ञानेश्वर तेव्हा एक वर्षाचे होते. नामस्मरण करत चालणारी माणसं तिकडेही त्याच काळात वाट तुडवत होती, हे मला फार जवळचं वाटतं. सप्टेंबरात तिथे इप्पेनच्या मूर्तीला गरम पाण्याने स्नान घालतात. जमलं तर तेव्हा जा.

इथेही अंगावर युकाता असतो. गुडघ्यांवर वाकून जावं लागेल इतकं छोटं दार उघडतात. आत दगडी खोली, अंधार आणि जमिनीवर जाड गवत पसरलेलं. त्यावर उताणं झोपायचं. आईने आत पाऊल टाकलं आणि लगेच म्हणाली, "वेखंड!"

वास खरंच तोच. ते गवत म्हणजे सेकिशो, आपल्या वेखंडाच्याच कुळातलं. बाळाच्या टाळूला लावतात ते, गुटीत उगाळतात ते. वाफेत तापलेल्या त्या वासाने मला माझ्या मुलीच्या बारशाची आठवण झाली. आठेक मिनिटांनी बाहेरून हाक मारतात. तोवर झेपलं नाही तर दार ढकलून बाहेर यायला कुणाची परवानगी लागत नाही. गुडघे ज्यांचे अजिबात वाकत नाहीत त्यांना मात्र त्या दारातून घालू नका. जवळच लाकडी पेट्या आहेत, त्यात गुडघ्यापर्यंत पाय घालून, वर झाकण ओढून वाफ घेत बाकावर बसता येतं. कपडे काढायचे नाहीत, पैसे नाहीत, पँट किंवा साडी गुडघ्यावर घेतली की झालं. आईला दोन्ही वेळा सगळ्यात जास्त आराम याने पडला. तासभर बसली असती, मी वीस मिनिटांनी उठवलं.

मग कुंड

एवढं झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, आई स्वतःच म्हणाली की चल, ते तुमचं कुंड बघू. तेव्हा जा. सकाळी लवकर गर्दी कमी असते आणि आत बहुतेक तिच्याच वयाच्या बायका असतात. कुणी कुणाकडे बघत नाही.

बेप्पूतली निम्मी गोडी गल्लीतल्या साध्या स्नानघरांत आहे. ती गल्लीची असतात. आळीतली माणसं महिन्याचे पैसे भरतात, पाळीने साफसफाई करतात आणि रोज संध्याकाळी तिथेच अंघोळ करतात. काही फक्त सभासदांसाठी असतात, तिथे शिरू नका. बाहेरच्यांना मुभा असेल तिथे दाराशी पेटी असते, त्यात नाणी टाकायची, म्हणून 100 येनची नाणी जवळ ठेवा. साबण, टॉवेल, शॉवर यातलं काही मिळेलच असं नाही. बायकांचं दार कुठलं? पडदा बहुधा लाल असतो, पण रंगावर जाऊ नका. ज्या अक्षराच्या डोक्यावर चार खणांची चौकट आणि खाली पाय फुटलेले आहेत, ते पुरुषांचं. चौकट नसलेलं बायकांचं.

आत जाताना 'कोन्निचिवा' म्हणा. कुणी नसलं तरी म्हणा. कपडे टोपलीत. केस वर बांधा, ते पाण्याला लागायला नकोत. टॉवेल म्हणून मी आपला पंचा नेते. पातळ, पटकन वाळणारा, चालताना पुढे धरायला पुरेसा लांब. पंचा हातात असला की आईला अर्धा धीर येतो. फक्त तो कुंडात बुडवायचा नाही, घडी करून काठावर नाहीतर डोक्यावर ठेवायचा.

कुंडात उतरण्याआधी काठाशी बसून, तांब्यासारख्या छोट्या बादलीने अंगावर पाणी घ्यायचं. आधी पावलं, मग मांड्या, मग खांदे. अंग स्वच्छ होतं आणि शरीराला त्या पाण्याची सवय होते. बेप्पूचं पाणी कडक असतं, 42 ते 45 अंशांपर्यंत. पाय घातला की ओढून घ्यावासा वाटतो. तेव्हा नळ सोडून गार पाणी मिसळू नका, आत बसलेल्या आजीला आधी विचारा. बहुतेक जणी स्वतःच नळ सोडून देतात आणि आईला त्या कोपऱ्यात सरकायला जागा करतात. आत तीन-चार मिनिटं, मग बाहेर काठावर, मग पुन्हा आत. छातीपर्यंतच बसा. निघताना दाराशी वळून 'ओसाकी नी', म्हणजे मी पुढे होते.

दिवसाला दोन स्नानं, पहिल्या दिवशी एकच. यापेक्षा जास्त केलंत तर अंग मोडून येतं, त्याला जपानीत 'युआतारी' असा शब्दच आहे. जेवल्या जेवल्या जायचं नाही. आधी आणि नंतर पेलाभर पाणी प्यायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचं काही असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, आणि ताप असेल तर जायचंच नाही. आईची बीपीची गोळी आहे. तिच्या डॉक्टरांनी वाळू आणि पायांची वाफ चालेल, कडक कुंड थोडा वेळच, असं सांगितलं होतं. आम्ही तसंच केलं.

गुडघे बरे होतात का, हे सगळेच विचारतात. आईचे झाले नाहीत. दोन दिवस सकाळचा आखडलेपणा कमी होता, ती कठडा न धरता हॉटेलचा जिना उतरली आणि रात्री सलग झोपली. परत आल्यावर आठवड्याने दुखणं पुन्हा होतं तिथे आलं. बेप्पूत क्युशू विद्यापीठाने 1931 साली गरम पाण्याच्या उपचारांची संस्था काढली, तिथे आज विद्यापीठाचं रुग्णालय आहे. अशा पाण्याचा उपयोग मुक्काम करून, रोज थोडं थोडं घेऊन होतो. कान्नावात पूर्वी शेतकरी हंगाम संपला की तांदूळ-भाजी घेऊन येत आणि दिवसच्या दिवस राहत. माझी आजीही तुरळला लावणी उरकूनच जायची.

म्योबान आणि चांदी

म्योबान डोंगराच्या बाजूला आहे. तिथलं पाणी आम्ल आणि गंधकाचं, अंड्याच्या वासाचं, दुधट. डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं, म्हणून तोंड धुऊ नका आणि निघताना साध्या पाण्याने अंग खळबळून घ्या. कान्नावाचं खारट पाणी मात्र न धुता टिपून घेतलं तर ऊब जास्त वेळ टिकते.

आणि दागिने. आई पहिल्या वेळी पायातली जोडवी घालूनच बसली, 45 वर्षांत काढली नाहीत म्हणाली. दहा मिनिटांत कोळशासारखी काळी झाली. तिचा चेहरा इतका उतरला की मला पुढचं काही सुचेना. रात्री हॉटेलात टूथपेस्ट लावून मी ती घासली, पुष्कळशी उजळली, पण खाचांमधला काळेपणा तसाच राहिला. चांदीचं सगळं, म्हणजे पैंजण, जोडवी, साखळी, खोलीत ठेवून जा. कमी कॅरेटच्या सोन्यालाही डाग येतो. दुसऱ्या वेळी आईने मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं आणि दोऱ्यात ओवलेली काळी पोत घातली, ती प्रवासासाठी तिने घरूनच आणली होती. जोडवी ज्यांना काढायचीच नाहीत त्यांनी म्योबानच्या पाण्यात उतरू नये, खाली बेप्पू भागातलं पाणी त्यांच्यासाठी बरं.

पाण्यात उतरला नाहीत तरी तिथल्या झोपड्या बघा. पेंढ्याने शाकारलेल्या, जमिनीपर्यंत उतरत्या. आत दगडांवर निळसर माती पसरलेली असते, खालून वाफ येते आणि मातीवर बारीक पांढरे स्फटिक वाढतात, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. दीड-दोन महिन्यांनी ते खरवडून काढतात. याला 'युनोहाना' म्हणतात, पाण्याची फुलं. एदो काळापासून (1603 ते 1868) चालत आलेली ही रीत आहे आणि 2006 साली जपान सरकारने तिला राष्ट्रीय लोकवारसा म्हणून मान्यता दिली.

खाणं

शाकाहारी माणसाची जपानात पंचाईत होते, कारण साध्या दिसणाऱ्या रश्शातही मासा असतो. कान्नावात ती होत नाही. झऱ्याच्या वाफेवर उकडण्याची सोय असलेलं एक सार्वजनिक स्वयंपाकघर तिथे आहे. भाजी विकत घ्यायची नाहीतर आपली न्यायची, चुलीचं वेळेप्रमाणे भाडं द्यायचं, टोपली वाफेत सोडायची. रताळी, भोपळा, मका, कोबी. आम्ही घरून मेतकूट, लसणीची चटणी आणि तुपाची छोटी बाटली नेली. वाफेत थोडा खारटपणा असतो, रताळ्याला वेगळं मीठ लागत नाही. कोबी आठ मिनिटांत होतो, रताळ्याला अर्धा तास द्या. त्याच चुलींवर इतर लोक मासे-मटण उकडतात. घरात सोवळं कडक असेल तर हे आधी सांगा, तिथे गेल्यावर कळायला नको.

'नरकं' बघायची का? बेप्पूत उकळत्या तळ्यांना नरक म्हणतात, सात आहेत, एकत्र तिकीट मिळतं. ती फक्त बघायची, निळ्या तळ्याचं पाणी 98 अंश आहे. आईवडील दमत असतील तर ते निळं आणि लांब शिबासेकीतलं तांबडं, अशी दोन पुरेत. एका ठिकाणी मगरी पाळल्यात, ते आम्ही दुसऱ्यांदा टाळलं.

परतताना युनोहानाची पाकिटं घ्या, हलकी असतात. आई संगमेश्वरला रोज रात्री बादलीभर गरम पाण्यात अर्धं पाकीट टाकून गुडघ्याखालचे पाय बुडवून बसते. बादली प्लास्टिकचीच घ्या. आमच्या घरचं तांब्याचं घंगाळ एका रात्रीत काळं पडलं, ते चिंच लावून उजळायला दोन दिवस गेले.